दोऱ्याचं माप

शिवाजीनगर, बेंगळूर
२३ ऑगस्ट १९५९

चि. विद्याधर,

रागावलेला असलास तरी आईचा आशीर्वाद घे. तो काही परत पाठवता येत नाही.

मुलांच्या नावाचं तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. अलकाचा फ्रॉक आणि नंदूचा सदरा. आत चिठ्ठी नाही की दोन ओळी नाहीत. प्रतिमा शाळेत शिकवून दुपारी घरी आली. तिनं दोघांच्या अंगात घालून बघितलं, काढलं, घडी केली आणि ट्रंकेत ठेवून दिलं. "गणपतीला घालू," एवढंच म्हणाली. मला हात लावायलाही मिळाला नाही.

पण लांबून का होईना, बघितलं मी. कपडे बसले रे. नुसते बसले नाहीत, समोर उभं करून बेतल्यासारखे बसले. तू गेल्या नोव्हेंबरात भिलाईला गेलास तेव्हा अलकाचे पुढचे दात पडलेले होते आणि नंदूला खुर्चीवर चढवून बसवावं लागायचं. तेव्हापासून दोघं चार चार बोटं वाढली. तू ती वाढ बघितलेली नाहीस. मग माप कोणी कळवलं?

पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. या घरातून कोणीतरी तुला लिहितंय आणि माझ्यापासून लपवतंय. प्रतिमा असेल तर सरळ सांग. जानेवारीत मी तुला लिहिलं होतं की मुलांची शाळा मोडून इतक्या लांब यायला ती तयार नाही. आता तिचं मन फिरलं असेल तर ते मला तोंडावर सांगायला नको का? मुलांची बोचकी बांधायची आणि मला गाडी सुटल्यावर कळवायचं, असं काही शिजत असलं तर लक्षात ठेव, मी म्हातारी झालेय, बहिरी नाही.

मुलं मजेत आहेत. दुपारी जेवून दोघं माझ्यापाशी शिवायला बसतात. मागल्या गल्लीतल्या शिंप्यांकडून उरलेले तुकडे आणते, त्यांचं गाठोडं सोडलं की दोघांचे डोळे बघावेत. नंदूनं पाटीसाठी पिशवी शिवली. चारी बाजूंनी शिवली. मी विचारलं, "आता रे राजा, पाटी कुठून घालायची?" तर स्वल्प विचार करून म्हणतो, "अज्जी, आधी पाटी ठेवून मग शिवायला पाहिजे होतं."

अलका रुमालाची कड दुमडून शिवते. उलटी टीपही जमायला लागली. पोर आताशा फार शहाणी झालीय. पूर्वी सुईपेक्षा जीभ जास्त चालायची. आता खाली मान घालून टाका घालते, एक शब्द जास्त नाही. असं मूल घरात असलं की बरं वाटतं.

उत्तर दे. माप कोणी कळवलं ते लिही.

तुझी आई,
कावेरी

शिवाजीनगर, बेंगळूर
२ सप्टेंबर १९५९

चि. विद्याधर,

तुझं कार्ड मिळालं. सहा महिन्यांनी पत्र आलं आणि त्यात लिहिलंयस काय, तर "माप कोणी कळवलं, हे तू मला विचारतेस? कमाल आहे." मी दहा वेळा वाचलं. आईला टोमणा मारायला कार्ड खर्च केलंस, दुसरं काय! तुझ्याच पाटीवर मी अक्षरं गिरवायला शिकले, तू ग म भ न काढायचास आणि मी चुलीपाशी बसून बघायचे. त्या अक्षरांत असलं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

तू सांगणार नाहीस, सरी, बरंय. मीच शोधते.

आधी शेजारच्या अहल्याक्काला गाठलं. तिचा भाचा नागपूरला असतो, मुलं दिवसातून चारदा तिच्याकडे पळतात, म्हटलं तिच्यामार्फत काही जात असेल. ती रव्यातले खडे निवडत होती.

मी म्हटलं, "अक्का, अलकाची उंची किती असेल गं?"

"मला काय ठाऊक! का, स्थळ आलंय का?"

"थट्टा नको. कोणीतरी मुलांचं माप भिलाईला पाठवलंय."

तिनं ताट खाली ठेवलं. "कावेरक्का, बाप परदेशात नाही, तुरुंगात नाही. त्याला पोरांचं माप कळलं तर तुमचं काय जळलं?"

मी उठून आले. सरळ प्रश्नाला उलटा प्रश्न करणाऱ्याच्या पोटात काहीतरी असतंच.

मग पोस्टमन विठोजी. त्याला दारात थांबवून ताक दिलं. "या घरातून भिलाईला काही जातं का?" तर म्हणतो, "अक्का, टपाल येतं ते मी सांगू शकतो. जातं ते पेटीला ठाऊक." ताक पिऊन वर आणखी एक गोष्ट बोलला. ती लिहिण्याजोगी नाही.

आणि खरं सांगते, प्रतिमाची पिशवीही बघितली. ती न्हायला गेली होती. वह्या, खडूचे तुकडे, लाल पेन्सिल. काही मिळालं नाही.

ती हल्ली माझ्याशी बेताचंच बोलते. काल मुलांच्या शिवणाकडे बघून म्हणाली, "आई, टेप आणून देऊ का? दोऱ्यानं कुठे मापं घेतात?" मी म्हटलं, "बाई गं, याच दोऱ्यानं तुझ्या नवऱ्याची मुंजीपर्यंतची सगळी मापं घेतली." त्यावर हसली. पुण्याकडची ती, तिला आमची सगळीच तऱ्हा अडाणी वाटते. पण त्या हसण्यात मला दुसरंच काही दिसलं. माणूस जायचं ठरवून बसलं की असं हसतं.

अलका तेवढी माझ्या बाजूची. मी कोणाकोणाला काय विचारलं ते तिला सांगत होते तर सुई ओवता ओवता पोर थांबली, माझ्याकडे बघितलं, आणि पुन्हा ओवायला लागली.

तुझी आई

शिवाजीनगर, बेंगळूर
९ सप्टेंबर १९५९

चि. विद्याधर,

परवा गणपती बसला. मुलांनी तुझे कपडे घातले. नंदूनं मोदकाचा गूळ सदऱ्यावर सांडला, म्हणून काल तो धुवायला माझ्या हाती आला.

बाही उलटी केली आणि मी दगडावर बसलेच.

बगलेत चौबगळा आहे.

आजकाल कुठला शिंपी मुलाच्या सदऱ्याला बगलेत चौकोनी तुकडा घालतो? कोणी नाही. इथले शिंपी मला त्यावरूनच हसतात. मला कोणी शिवण शिकवलं नाही, तुला ठाऊक आहे. तुझ्या आजोबांची जुनी बंडी टाका टाका उसवून मी शिकले, बंडीला चौबगळा होता म्हणून फ्रॉकलाही घालते. एवढ्या मोठ्या बेंगळुरात ही खोड माझ्या एकटीची. आणि टीप बघितली. तीन टाके बारीक, चौथा लांब, पुन्हा तीन बारीक. लहानपणी माझ्यापाशी शिवायला बसायचास तेव्हा चौथ्या टाक्याला तुझा धीर सुटायचा.

तू हातानं शिवलंस विद्याधर. पोलादाच्या कारखान्यात भट्टीपाशी दिवसभर उभा राहून घरी जाऊन शिवलंस. मला वाटत होतं, बाजारातनं आणलेत.

मग दुसरं लक्षात आलं. तू शिवलंस ते टेपच्या मापावरून नाही. माझ्या दोऱ्याच्या मापानं बगल एक बोट आवळ येते, म्हणूनच चौबगळा लागतो. ती बगल तशीच आवळ आहे. म्हणजे इथून तुला दोरा आला. एक गाठ खांद्याची, दोन छातीच्या, तीन लांबीच्या. ही भाषा प्रतिमाला येत नाही, अहल्याक्काला येत नाही. मला येते, तुला येते, आणि मी शिकवली म्हणून या दोघांना.

तुझ्या कार्डाचा अर्थही मला काल कळला. दोरा बघून तुला वाटलं, आईनंच पाठवला. आई निवळली. म्हणून तू माझ्याच पद्धतीनं शिवून पाठवलंस. आणि मी उलट तुला विचारत बसले की माप कोणी दिलं!

नंदूला जवळ घेतलं, गुळाचा खडा दिला. म्हटलं, "दोऱ्याला गाठी कोणी मारल्या रे?"

"अलकाक्कानं. मला भिंतीशी उभं केलं. हलू नको म्हणाली. मग विठोजीमामांनी पाकिटावर पत्ता लिहिला."

"त्यांना पत्ता कोणी सांगितला?"

"अक्कानं."

अलका समोरच बसली होती. उशीच्या अभ्र्याला गुंडी लावत होती. मी विचारलं, "तुला बाबांचा पत्ता कुठून मिळाला गं?"

तिनं मान वर केली नाही. गुंडीतून सुई चार वेळा काढली. दोन वेळा पुरते.

मी पुढे विचारलं नाही. का विचारलं नाही ते आज लिहिवत नाही.

तुझी आई

शिवाजीनगर, बेंगळूर
१३ सप्टेंबर १९५९

विद्याधर,

आज लिहिते. मधे थांबले तर पुन्हा लिहिणार नाही.

जानेवारीत तू प्रतिमाला पत्र पाठवलं होतंस. ते तिला मिळालं नाही. ती शाळेत होती, विठोजीनं माझ्या हातात दिलं. त्या दिवशी ताक पिऊन तो जे बोलला ते हेच: "आलेलं पत्र मात्र मी तुमच्याच हातात दिलं होतं, अक्का."

मी फोडलं. अक्षर अक्षर लावत वाचलं. भिलाईत क्वार्टर मिळालं. "तुला न विचारता नोकरीच्या कागदावर सही केली ती माझी चूक," असं तू तिला लिहिलं होतंस. मुलांना घेऊन ये. आणि खाली, "आईलाही विचार, पण ती घर सोडणार नाही."

मला विचारायच्या आधीच तू माझं उत्तर लिहून टाकलंस. त्या एका ओळीचा मला राग आला. पण खोटं कशाला बोलू, राग नंतर आला. आधी डोळ्यासमोर आलं की दुपारी मी एकटी बसलेय आणि तुकड्यांचं गाठोडं सोडायला कोणी नाही. मी पत्र त्याच गाठोड्याच्या तळाशी खुपसलं. प्रतिमा "बोलावलं तर जाईन, न बोलावता पाय उचलणार नाही" म्हणून बसली होती. तिला सांगितलं, अजून क्वार्टर नाही. तुला लिहिलं, ती यायला तयार नाही. तुम्ही दोघं हट्टी, तुमच्यात मला फार काही करावं लागलं नाही.

प्रतिमाच्या पिशवीत काही मिळालं नाही असं लिहिलं होतं, तेही खरं नाही. एक अर्धं पत्र मिळालं. तुला लिहिलेलं, न टाकलेलं. "तुम्ही एक ओळ लिहिली असती तर" इथपर्यंत. मी ते होतं तसं ठेवलं आणि तुला मात्र तिच्याविरुद्धच लिहिलं. महिनाभर मी सगळ्या गल्लीवर संशय घेतेय. खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

आता अलकाचं ऐक. काल प्रतिमा देवळात गेली तेव्हा तिला म्हटलं, "तुला ते पत्र गाठोड्यात सापडलं. हो ना?"

"हो. निळा तुकडा शोधत होते तेव्हा."

"कधी?"

"शाळा सुरू झाली त्यानंतर."

"वाचलंस?"

"बाबांचं अक्षर होतं."

"मग आईला का नाही दिलंस?"

"तू लपवलं होतंस ना अज्जी. आई तुला रागावली असती. मग तू रडली असतीस."

मला पुढचं विचारवेना, तरी विचारलं. "बाबांना काय लिहिलंस?"

"काहीच नाही. लिहिलं असतं तर सगळंच लिहावं लागलं असतं. म्हणून नुसता दोरा पाठवला. आम्ही केवढे झालो ते कळेल म्हणून."

आठ वर्षांची आहे रे ती.

उद्या प्रतिमाला सांगणार. तू मधे पडू नकोस. माझ्या बाजूनं तिला एक अक्षरही लिहू नकोस.

आई

शिवाजीनगर, बेंगळूर
२१ सप्टेंबर १९५९

विद्याधर,

सांगितलं. पत्र तिच्या हातात दिलं. तिनं उभ्या उभ्याच वाचलं. वाचून झाल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी चटईवर बसले होते, वर बघायचा धीर नव्हता, तिचे पाय तेवढे दिसत होते.

मग विचारलं, "हे अलकाला माहीत होतं?"

"हो."

"किती दिवस?"

"जूनपासून."

तोवर तिचा आवाज चढला नव्हता. तेव्हा चढला. "माझं जे करायचं ते केलंत. मी सून आहे, सुनांचं होतं असं. पण त्या पोरीला कशाला राखणीला बसवलंत? तीन महिने ती माझ्या कुशीत झोपतेय आणि माझ्याशी बोलत नाहीये. मला वाटलं, बापाची आठवण येते. मी तिला डॉक्टरकडे नेणार होते, आई!"

मी म्हणत होते ना तुला, पोर शहाणी झालीय! बरं वाटतं असं लिहिलं होतं मी.

तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. पान वाढायची, पाणी ठेवायची, मी जेवले की नाही ते बघायची. त्यापेक्षा अबोला धरून उपाशी ठेवलं असतं तर सोसलं असतं. अहल्याक्का आली, तिला मीच सगळं सांगितलं आणि माफी मागितली. ती म्हणाली, "मला वाटलंच होतं. घरात चोर नसताना तुम्ही सारख्या कड्या तपासत होता." आणि जाताना ताटलीत उप्पिट ठेवून गेली.

चौथ्या दिवशी प्रतिमा म्हणाली, "मी त्यांना लिहिलंय. दसऱ्याच्या सुट्टीत आम्ही जाऊ."

मी म्हटलं, "जा बाई."

"तुम्ही आत्ता येऊ नका. कधी यायचं ते मी कळवीन. मी. ते नाही."

"सरी," म्हटलं. दुसरं काय म्हणणार? तुझ्या पत्रात मला विचारायची ओळ होती, तिच्या बोलण्यात विचारणं नव्हतं. तरी तिचं मला जास्त बरोबर वाटलं.

शिवण चालू आहे. नंदूनं नवी पिशवी शिवली. या खेपेला तोंड उघडं ठेवलं, पण तळ शिवायचा राहिला.

आई

शिवाजीनगर, बेंगळूर
१७ ऑक्टोबर १९५९

चि. विद्याधर,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा सगळी तुझ्यापाशी असतील. मद्रासला त्यांना घ्यायला तू वेळेवर आला असशील असं धरून चालते. नाही आलास तर प्रतिमा काय म्हणेल ते मला इथूनसुद्धा ऐकू येईल.

काल कंटोनमेंट स्टेशनवर मी पोचवायला गेले होते. न जाण्याचं ठरवलं होतं. प्रतिमानंच टांग्यात जागा केली, म्हणाली, "मुलं विचारतील." गाडीत तिनं मला वाकून नमस्कार केला. मी डोक्यावर हात ठेवला, तिनं डोकं बाजूला घेतलं नाही. याच्यावरून काही ठरवू नकोस, मीही ठरवलेलं नाही.

नंदूला गाडीत पाणी सांडायची सवय आहे हे तुला कळलंच असेल. रात्री पाय उघडे टाकतो. कपडे घेशील तेव्हा त्याच्या बगलेला जास्त सोड, पोर रुंद होणार आहे. तिथल्या शिंप्याकडून टेपनं माप घ्या, प्रतिमा म्हणते ते खरं आहे, दोरा ताणला जातो.

अलकानं खिडकीची जागा घेतली होती. गजाला दोन्ही हातांनी धरून बसली होती. गाडी सुटायला अवकाश होता. मी खालून म्हटलं, "काय गं, काही हवंय का?"

तिनं आधी आईकडे बघितलं. प्रतिमा वर सामान लावत होती. मग खिडकीशी तोंड आणून मला हळूच विचारलं, "अज्जी, आईला आता सगळं माहीत आहे ना?"

"सगळं."

"बाबांनापण?"

"त्यांनापण. मीच लिहिलं."

"मग आता मी बोलू?"

मी मान हलवली.

मग ती बोलायला लागली. शाळेत बाईंनी तिला कोपऱ्यात उभं केलं होतं आणि चूक दुसरीचीच होती. अहल्याक्काच्या मांजरीला तीन पिल्लं झालीत, त्यातलं एक आंधळं आहे की नुसतं झोपाळू, कोणाला कळत नाही. निळ्या तुकड्याचा तिला झबला करायचा होता, पण पत्र सापडल्यापासून त्याला हात लावावासा वाटला नाही, तर तो मी कोणाला देऊ नये. भिलाईला समुद्र आहे का? नंदूनं पिशवी मुद्दाम तशी शिवली होती, मला हसवायला. विठोजीमामा पाकिटावर पत्ता लिहिताना रडत होते, त्यांनी सांगितलं डोळ्यात धूळ गेली. हे सगळं एका दमात, वर आई "अगं, हात आत घे" म्हणत होती तरी. शिट्टी झाली, गाडी हलली, मी चार पावलं बरोबर चालले आणि मग चालवेना. तिला ते कळलंही नाही. डबा फलाटाच्या टोकाला जाईपर्यंत खिडकीत तिचं तोंड चालूच होतं.

तुझी आई,
कावेरी